सिस्टरअक्का आणि सात लिव्हरचं कुलूप

सुवार्ता रणपिसे हे नाव सोलापुरात फार थोड्यांना माहीत आहे. तुरुंगात आणि तुरुंगातून बाहेर आलेल्यांत त्या सिस्टरअक्का. आयुष्यभर परिचारिकेची नोकरी केली म्हणून सिस्टर, आणि या गावात वडीलधाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार, म्हणून अक्का.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या आरोग्य तपासणीसाठी पहिल्यांदा तुरुंगात गेल्या. एका कच्च्या कैद्यानं रक्तदाब मोजून घेताना हळूच विचारलं, "सिस्टर, आमची आई हाय का गेली, तेवढं बघून येता का?" अक्का एसटीनं त्याच्या गावी गेल्या. आई अंगणात ज्वारी निवडत बसली होती. तो निरोप द्यायला त्या पुढच्या गुरुवारी परत आल्या, आणि मग त्यांचा गुरुवार कधी चुकला नाही.

गुरुवारी आधी खंजिरीवर गाणं, मग बायबलमधला एखादा उतारा, मग पाट्यांवर अक्षरं गिरवणं. प्रार्थनेला डोळे मिटायची सक्ती नसे. "पण मिटलेत, तर माझी खंजिरी आधी जागेवर ठेवा," असं त्या सांगत आणि बराक हसत असे. कुणाचा जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून तो महिनोन् महिने आतच आहे, असं कळलं की अक्का विधी सेवा कार्यालयात जाऊन बसत. तिथले कारकून त्यांना वचकून असत, कारण त्या भांडत नसत. नुसत्या बसत.

कुणी सुटणार असेल त्या दिवशी त्या फाटकाबाहेर उभ्या राहत, पिशवीत चहाचा थर्मास आणि नवी चप्पल घेऊन. सुटणाऱ्याला त्याचे जुने कपडे मिळतात, चपला बहुधा सापडत नाहीत, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

जोतीरामसाठी त्यांनी नऊ नंबरची चप्पल नेली. त्याचा पाय निघाला सातचा. नातेपुत्याचा हा माणूस घरफोडीत तीन वर्षं आत होता. अंगानं काटकुळा, बोटं मात्र पेटीवाल्यासारखी लांब. फटक फटक चप्पल वाजवत तो बाहेर आला आणि म्हणाला, "अक्का, आता परक्याच्या कुलपाला हात लावणार न्हाय."

"शपथ नको. हात धू आणि चहा घे," अक्का म्हणाल्या.

पण त्यानं शब्द पाळला, आणि जरा जास्तच पाळला. अक्कांनी त्याला घरामागची पत्र्याची खोली दिली. एका दुपारी त्यांचं स्वतःचं कुलूप अडकलं. किल्ली फिरेना. जोतीराम शेजारी पायरीवर बसून राहिला, हात काखेत घालून. "तुमी परक्या न्हाय, पर कुलूप परकंच की," म्हणाला. दोन तास दोघं उन्हात बसले. शेवटी शेजारचा एकजण कौलांवरून आत उतरला. त्या दिवशी अक्का त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

जोतीराम मंडपवाल्याकडे रोजंदारीनं खुर्च्या मांडायला जाई. बायको मुलीला घेऊन नातेपुत्यात भावाकडे होती. तिचा एकच निरोप होता, "आधी पक्का पत्ता दाखवा, मग येते." पत्र्याच्या खोलीत लेकीला ठेवायला ती तयार नव्हती, आणि अक्कांना ते पटत होतं.

म्हणून आपल्या चर्चच्या रखवालदाराची जागा रिकामी झाली तेव्हा अक्कांनी कमिटीपुढे जोतीरामचं नाव ठेवलं. नोकरी आणि आवारातली दगडी खोली. पत्ता म्हणजे अगदी पोस्टमनला तोंडपाठ असलेला पत्ता.

कमिटीचे सचिव शांतवनराव आढाव, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सिस्टर, येशूशेजारच्या वधस्तंभावरचा चोर सुखलोकात गेला, हे मला ठाऊक आहे. पण त्याच्या हाती किल्ली दिली असं शास्त्रात कुठं लिहिलंय?"

"त्याला किल्ली लागलीच नाही की, सर. थेट आत नेलं."

हसू लपवत चर्चच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, रुमाल तोंडाशी धरला. पण निर्णय लांबणीवर पडला, आणि दुसऱ्याच दिवशी शांतवनरावांनी नव्या पेठेतून चर्चच्या दाराला नवं कुलूप आणलं. सात लिव्हरचं, मुठीएवढं, पितळी. किल्ल्या दोन. दोन्ही त्यांच्या खिशात.

ते कुलूप अक्कांनी पाहिलं. जोतीरामनंही ते जाता-येता पाहिलं आणि मान खाली घातली.

एप्रिलमधल्या एका रविवारी, चर्च लग्नासाठी आधीच सजवून बंद ठेवलं होतं म्हणून सकाळची उपासना आवारातल्या शाळेच्या खोलीत उरकून, अकरा वाजता चर्चमध्ये लग्न होतं. जोतीराम मंडपवाल्याबरोबर पहाटेच आला होता. आवारात कडुनिंबाखाली तो खुर्च्या पुसत होता. नवरी पांढऱ्या साडीत येऊन उभी राहिली, नवऱ्याची अक्कलकोटकडची आजी चंद्रव्वा व्हीलचेअरवरून आली, गाणारी मंडळी आली. शांतवनराव थेट करमाळ्याहून आले. आदल्या दिवशी पुतण्याच्या घराची वास्तुप्रार्थना होती. त्यांनी दारापुढे उभं राहून उजवा खिसा चाचपला, मग डावा, मग कोट. मग त्यांचा चेहरा हळूहळू फळ्यासारखा कोरा झाला.

करमाळ्याला फोन गेला. पुतण्या म्हणाला, "व्हय काका, तुमची पँट खुंटीला हाय. खिशात किल्ल्या वाजत्यात." दोन्ही. मोटरसायकलनं आणायचं म्हटलं तरी तीन तास.

नव्या पेठेतल्या चावीवाल्या अतीकभाईंना फोन लावला. ते सासुरवाडीला. कुणी म्हणालं, हातोडा आणा. पण दार मिशनच्या काळातलं सागवानी. कोयंडा उचकटला तर नक्षीची फळी सोबत येणार. ऊन चढू लागलं. नवरीच्या कपाळावरचा घाम तिची बहीण टिपत होती.

कुणी कुणाचं नाव घेतलं नाही, पण एकेक करून सगळ्यांची नजर कडुनिंबाकडे गेली. जोतीरामनं फडकं खांद्यावर टाकलं आणि हात काखेत घातले.

अक्कांना पुढचं दिसलं. आता या माणसांनी सांगितलं आणि यानं उघडलं, तर उद्या म्हणतील, बघा, हात अजून चालतो. नाही उघडलं, तर म्हणतील, लग्न मोडायला निघाला. एकोणीस वर्षांत त्या एवढंच शिकल्या होत्या, की काही दारांपुढे आपण बोलायचं नसतं.

शांतवनराव चालत कडुनिंबाखाली गेले. ते अंतर वीस पावलांचं होतं, त्यांना बराच वेळ लागला.

"जोतीराम, जरा बघ की."

"काय बघू, साहेब?"

"कुलूप."

"बघितलं. चांगलं हाय. नवं हाय."

मागे कुणीतरी हसू दाबलं. शांतवनराव एक पाऊल जवळ आले. "उघडून दे, बाबा. मी सांगतोय."

"लिहून द्या."

"काय?"

"मागं एकदा एका मालकानं बोलवून आपलंच कपाट उघडून घेतलं माझ्याकडनं. हप्त्यानं त्याच्याकडं चोरी झाली, तवा पैलं नाव माझं. म्हनला, यालाच ठावं हाय माझं कपाट. माझ्याकडं कागद न्हवता." तो हे शांतपणे सांगत होता, जणू दुसऱ्याची गोष्ट. "मी न्हाय म्हनत न्हाय, साहेब. लिहून द्या, सही करा."

शांतवनरावांनी लग्नाच्या उपासनाक्रमाची एक प्रत उलटी केली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवून लिहिलं. जोतीरामनं कागद घेतला आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागला. शब्द सावकाश येत होते, पण येत होते. अक्कांनी डोळे मिटले. तुरुंगातल्या पाटीवर 'क'ची शेपटी उलटी काढणारा माणूस हाच.

"'...कुलूप फोडण्यास आमची संमती आहे.'" तो थांबला. "फोडण्यास न्हाय, साहेब. उघडण्यास."

शांतवनरावांनी खोडलं, दुरुस्त केलं, सही केली. पाळकसाहेबांनी साक्षीदार म्हणून सही केली. चंद्रव्वा आजीनं हात पुढे केला, "मलाबी अंगठा लावू दे की. माझ्या नातवाचं लगीन हाय." शाई नव्हती, तेव्हा तिनं नवरीच्या बहिणीकडून लिपस्टिक मागून घेतली.

जोतीराम दाराशी गेला. मंडपाच्या तारेचा तुकडा हातात घेतला, आणि वळून म्हणाला, "समद्यांनी तिकडं तोंड करा. शिकाल न्हायतर."

तसं अख्खं वऱ्हाड रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं. नवरा, नवरी, पाळकसाहेब, सचिव, सगळे. रस्त्यावरून जाणारा एक रिक्षावाला वेग कमी करून बघत राहिला. अक्काही वळल्या. त्यांना कडुनिंबाची बारीक फुलं गळताना दिसली, आणि मागे कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग खट् असा छोटा आवाज झाला, एखाद्यानं बऱ्याच दिवसांनी बोटं मोडावीत तसा.

जोतीरामनं दार ढकललं नाही. ते काम त्याचं नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी ते पितळी कुलूप शांतवनरावांच्या हाती दिलं.

लग्न अकरा सत्तेचाळीसला लागलं.

जेवणावेळी शांतवनराव कुलूप मांडीवर घेऊन बसले होते. परत लावावं तर परत तोच प्रश्न, आणि करमाळ्याच्या किल्ल्या उद्या येणार. चर्च उघडं टाकून तर जाता येणार नाही. बुंदीचा अर्धा लाडू तसाच ठेवून ते उठले आणि जोतीरामजवळ आले.

"आज तू इथंच थांबशील का? आणि..." त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, पाळकसाहेबांनी मान हलवली. "आणि पुढंही."

"ते बी लिहून द्या, साहेब," जोतीराम म्हणाला. "पत्ता घालून."

या वेळी शांतवनराव हसले. त्यांना हसताना पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी सुवाच्य शिक्षकी अक्षरात पूर्ण पत्ता लिहिला, पिनकोडसकट. अक्कांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढून नातेपुत्याला पाठवला.

फोन लगेच वाजला. जोतीरामनं तो स्पीकरवर टाकला.

"तिथं पानी किती दिसाआड येतं?" बायकोनं विचारलं.

"पाच."

पलीकडे थोडा वेळ हिशेब चालला.

"मग दोन पिंपं घेऊन ठेवा. झाकनाची. आन् लेकीला शाळेचं बघा."

सोमवारी सकाळी नव्या पेठेतून एक रिक्षा निघाली. मागे दोन निळी पिंपं, त्यांच्यामधल्या फटीत बसलेल्या सिस्टरअक्का, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी अवघडून बसलेला जोतीराम. त्याच्या पायात अजूनही नऊ नंबरचीच चप्पल होती. अक्कांनी ती बदलून देऊ म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या. आता सवय झाली."