नापास गोदामवाला

मेहकरच्या सोसायटीतला गोदामवाला बियाण्याच्या पोत्यांवर कोणालाही बसू देत नसे. अध्यक्षांनाही म्हणायचा, "उठा साहेब, बी झोपेल हाये." नवी पोती तो मागच्या दाराने घ्यायचा आणि जुनी पुढच्या दाराने द्यायचा. शिळं बी उगवत नाही, एवढंच त्याचं शास्त्र.

मुंबईहून व्यवस्थापनशास्त्राचा एक विद्यार्थी आला. आठ दिवस याच्या मागे फिरला, याचाच चहा प्यायला आणि ही पद्धत इंग्रजी नाव देऊन स्वतःच्या प्रबंधात घातली. महाराष्ट्र राज्य नवं होतं, सहकार खात्याचे साहेब उत्साही होते. त्यांनी प्रबंध वाचून बुलढाण्याला गोदामवाल्यांचा वर्ग भरवला, वर परीक्षाही घेतली. आमच्या माणसाला ते इंग्रजी नाव सांगता आलं नाही. तो नापास झाला आणि गोदामाच्या किल्ल्या परीक्षेत पहिल्या आलेल्या माणसाकडे गेल्या.

मी गावच्या शाळेतला मास्तर; संतापून त्याला म्हणालो, "आजच्या आज अर्ज करा! पद्धत तुमची आहे."

"करतो ना सर. पन आंधी त्या नव्या मानसाले कोनती पोती जुनी, ते सांगून येतो. त्यानं शिळं बी वाटलं तं लोकाइची पेरनी बुडंल."

आणि तो खरंच गेला, पहिल्या आलेल्याला शिकवायला.