एकच नाव उरलं की

फायलींची नावं मी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून बदलते. दोन अक्षरं लिहून टॅबचं बटण दाबलं की फायलीचं उरलेलं नाव कॉम्प्युटरच पूर्ण करतो. त्याच अक्षरांनी सुरू होणारी दोन-तीन नावं असली, तर तो अडतो, माझी वाट बघतो. एकच उरलं असेल, तर क्षणभरही थांबत नाही. त्या न थांबण्याची मला आज दुपारपासून भीती वाटतेय.

दुपारी काम करता करता आईला फोन लावला. "आई, या रविवारी मी..."

"येत नाहीयेस ना? बरं," ती म्हणाली. आवाजात ना राग, ना रुसवा.

येतेय, हेच तर सांगायचं होतं. पण तिच्याकडे माझ्या वाक्याचा दुसरा शेवट उरलाच नव्हता.