गोळीनंतरचा माणूस

गोळी सुटायच्या वेळी काशीदादा ठाकूर स्क्रीनकडे फारसे बघतच नसत. चहाचा घोट नेमका तेव्हा घेत. आम्ही बाकीचे तेवढाच तुकडा मागेपुढे करून डोळे फोडत असू. समोरचा कोसळला की आमचं काम संपे आणि त्यांचं सुरू होई.

आमचं ऑफिस वाशीत, आणि काम असं की बाहेर सांगायची चोरी. बंदुकांच्या एका ऑनलाइन खेळात कोणी आपल्याच टोळीतल्या गड्याला गोळी घातली की तक्रार येई. आम्ही त्या प्रसंगाचं रेकॉर्डिंग बघायचं आणि शिक्षा ठरवायची. ताकीद, काही दिवसांची बंदी, नाहीतर खेळातून कायमची हकालपट्टी. माझी आई शेजारणींना 'ती कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगे.

दादा पन्नाशीचे, बेलापूरकडच्या गावातले आगरी. डावा डोळा काचेचा. एका डोळ्याच्या माणसाला बघायच्या कामावर कोणी घेतलं, असं पहिल्या दिवशी माझ्या मनात आलं आणि माझ्या मनातलं तोंडावर उमटल्याशिवाय राहत नाही. ते नुसते हसले. त्याच दुपारी मी एकाला हाकलायला निघाले होते. त्यानं दारातून आत येणाऱ्या स्वतःच्याच साथीदाराला सरळ उडवलं होतं.

"थांब गं बाय. अजून चालू हाय."

मी हात आखडला. स्क्रीनवरचा तो गडी बंदूक खाली करून प्रेतासमोर उभा होता. मग खाली बसला, उठला, परत बसला, परत उठला. शत्रू मागून येत होता तरी याचं आपलं चालूच.

"उठाबशा काढतोय बग," दादा म्हणाले. "त्यानं सोताला शिक्षा दिली. आता आपन कशाला डबल द्यायची?"

दुसऱ्या एकानं मित्राला मारलं, त्याची भारीतली बंदूक उचलली आणि चालू लागला. "याला नाय सोडायचा," दादा म्हणाले. "गोली कोनाकडनं पन सुटंल. गोलीनंतरचा मानूस बगायचा. चुकून मारनारा थांबतो." हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं, की भाजीवाल्यानं नासका टोमॅटो घातला तरी मी तो थांबतो का ते बघू लागले.

त्यांचे निकाल बरोबर येत. शिक्षा झालेले फारसे भांडत नसत, सुटलेले पुन्हा तसं करत नसत. वरच्यांच्या हे लक्षात आलं. मग आमच्या मॅनेजरनं, संदीपनं, दादांचे सगळे निकाल यंत्राला शिकवायला घेतले. गोळीनंतर खेळाडू थांबला तर ताकीद, पुढे गेला तर बंदी, खेळ बंद करून पळाला तर कायमचा बाहेर. त्या दिवशी ऑफिसात केक आला. दादांना सुरी धरायला लावली. क्रीम मिशीला लागलं होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं, इतके खूश होते. 'आमच्या बापाला दाखवायला पायजे होतं,' असं काहीतरी म्हणाले. मी ते कानाआड केलं.

आता निकाल यंत्र देई. आमच्याकडे राहिले ते फक्त अर्ज, शिक्षेविरुद्ध केलेले; तेही वाचून शेरा द्यायचा, निर्णय यंत्राच्या नियमानंच. एक दिवस एकाच प्रसंगाबद्दल दोन अर्ज आले. पहिला हकालपट्टी झालेल्याचा. 'घाबरलो म्हणून गेम बंद केला,' एवढंच. दुसरा होता ज्याला गोळी लागली त्याचा. 'मारलं मला आहे आणि मी म्हणतोय त्याला परत घ्या. तो फोनसुद्धा उचलत नाही माझा.'

दादांनी रेकॉर्डिंग लावलं. धूर, पळापळ, वळताना सुटलेली गोळी, पडलेला मित्र. क्षणभर त्या मित्राकडे रोखलेली नजर. मग काळा स्क्रीन.

सवयीप्रमाणे दादा पुढचं बघत राहिले. पुढे काहीच नव्हतं. ते तरीही त्या काळ्या स्क्रीनकडे बघत होते.

"पलाला," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटेना.

खाली टपरीवर त्यांनी मला डोळ्याचं सांगितलं. तोवर मला वाटे, देवी किंवा गोवर आला असेल. लहानपणी ते आणि धाकटा भाऊ भगवान मिठागराच्या बांधावर बेचकी घेऊन बगळे मारायला गेले होते. बगळा उडाला, भगवान वळला आणि दगड काशीच्या डोळ्यात बसला. रक्त बघून भगवान पळाला तो घरी आलाच नाही. आत्याच्या घरात कोंबड्यांच्या खुराड्यामागे सापडला.

"बाप बोलला, चुकून मारलं असतं तं थांबला असता. पलाला म्हंजे मुद्दाम मारलं. दिला त्याला मामाकडं, दिघ्याला. परत आनलाच नाय. तिथंच वाढला, तलोज्याला कंपनीत लागला. बापाच्या मयताला पन नाय आला." चहावर साय धरली होती. "आनि मी पन बापाचंच खरं मानलं गं. माझा डोला एकदाच गेला. त्याची सजा अजून चालू हाय."

त्यांनी चहा टाकून दिला आणि तडक संदीपकडे गेले. पळणाऱ्यानं मुद्दामच मारलेलं असतं असं नाही, तो घाबरलेलाही असतो, हे त्यांना यंत्राला सांगायचं होतं. संदीप वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि म्हणाला, "दादा, रूल तुमचाच आहे ना? तुमचेच निकाल घातलेत त्यात. आता बदलायचं म्हणजे सगळंच उकरावं लागेल. वरचे ऐकणार नाहीत."

"माझा नाय. आमच्या बापाचा हाय," दादा म्हणाले. संदीपला अर्थातच काही कळलं नाही. दोन्ही अर्ज फेटाळले गेले. त्यानंतर दादा तासन्‌तास जुने निकाल उघडून बघू लागले. पळाले म्हणून आपण किती जणांना हाकललं, एवढंच एकदा मला विचारलं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला दिघ्याला सोबत चल म्हटलं. मी का, विचारलं, तर म्हणाले, "एकटा गेलो तं दारातनंच पलेन."

गल्ली अरुंद, दार उघडं. भगवान जमिनीवर बसून पंखा दुरुस्त करत होता. केस पांढरे, चेहरा हुबेहूब दादांचा, फक्त दोन्ही डोळे शाबूत. त्यानं वर पाहिलं. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, उठला आणि मागच्या दारानं निघून गेला. त्याची बायको आमच्याकडे आणि त्या दाराकडे बघत राहिली. दादांनी तिला नाव सांगितलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

"येतील, भावजी. बसा तुमी," ती म्हणाली. आम्ही दुपारभर बसलो. तो आला नाही. मला त्या माणसाचा राग आला होता. दादा मात्र उठताना म्हणाले, "शिव्या नको देऊस. मी थांबलो ना? त्याला आता ठावं हाय, मी थांबतो."

त्यानंतर दादा दर रविवारी एकटेच जात. सोबत लागली नाही. भगवान घरी नसे, किंवा नसल्यासारखा असे. भावजय चहा देई. दादा पंख्याखाली बसून परत येत. पावसाळाभर हे चाललं. मग एका सकाळी दादा कामावर आले नाहीत. झोपेतच गेले, असं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं.

स्मशान गावाच्या टोकाला, खाडीलगत. जुन्या मिठागरांत आता नुसतं पाणी आणि खारफुटी. चिता पेटली तेव्हा भावजय बायकांत दिसली. म्हणजे तो आला असणार. मी शोधलं. बांधावर, लोकांपासून लांब, भगवान उभा होता. आता पळेल, मग पळेल, असं मला वाटत होतं आणि त्याच्या नावानं माझे दात आवळले होते.

आमच्या यंत्रात आजही पळणारा गुन्हेगारच ठरतो. मी अर्ज वाचते. चहा घेत, काळ्या स्क्रीनकडे बघते आणि 'फेटाळला' अशी अक्षरं उमटताना बघत राहते. दादा, आपल्याला ते बदलता आलं नाही.

पण त्या दिवशी कवटी फुटल्यावर लोक पांगले. नातेवाईक गेले, दादांची मुलगी गेली, संदीप गाडीत बसला. मीही रस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला. बसण्याआधी मागे वळून पाहिलं. बांध मोकळा होता. भगवान खाली उतरून चितेपाशी आला होता, आणि थांबला होता.