सशाला आग्रह

माझ्या मुलाने सशांसाठी गवत जितकी चौकशी करून निवडलं, तितकी चौकशी आम्ही त्याच्यासाठी मुलगी बघताना केली नव्हती. हे मी सुनेसमोरच म्हणते, तीही हसते.

हे गेल्यावर मी साताऱ्याचं घर बंद करून तमिळ मुलखात, तांबरमला मुलाकडे राहायला आले. मुलगा इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतो, सून घरात बसून कॉम्प्युटरवर काम करते. दोघांनीही जेवण कमी केलेलं. एक भाकरी, वाटीभर भाजी आणि ताटावर आडवा हात. तमिळचे मला दोनच शब्द नीट येतात, कोंजम म्हणजे थोडं आणि पोदुम म्हणजे पुरे. दोन्ही मी याच घरात शिकले, तेही मराठी माणसांच्या तोंडून.

ससे दोन, एक पांढरा आणि एक काळी. सुनेने त्यांना इंग्रजी नावं ठेवलीत, ती माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी पांढऱ्या आणि काळीच म्हणते. त्यांच्या खाण्याचा तक्ता फ्रिजला चिकटवलेल्या फळ्यावर लिहिलेला. कुठल्या गवतात तंतू किती, कुठल्या गोळ्यांत कॅल्शियम किती. गोळ्या, म्हणजे ही दोघं म्हणतात ते पेलेट, जाड शेवेचे तुकडे, वास पेंडीचा. रंगीत दाणे घातलेलं पाकीट मुलाने नापास केलं, कारण ससा त्यातलं गोड तेवढं वेचतो आणि बाकीचं टाकतो. पंगतीत तेच करणारी माणसं मी जन्मभर पाहिलीत. लसूणघासही नापास, तो म्हणे वाढत्या पिल्लांसाठी. शेवटी टिमोथी नावाचं परदेशी वाळकं गवत पास झालं. ते हवं तेवढं द्यायचं आणि गोळ्या सकाळी प्रत्येकी दोन चमचे. दोन चमचे तर आमच्याकडे तीर्थ देतात.

दुपारी सून दार लावून मीटिंगमध्ये असायची. मी पिंजऱ्याजवळ बसले की पांढऱ्या मागच्या पायांवर उभा राहून माझ्याकडे बघायचा. पहिल्यांदा मी चारच गोळ्या दिल्या. त्या खाऊन तो पुन्हा उभा राहिला. या घरात येऊन मला दोन वर्षं झाली होती आणि वाढलेलं संपवून पुन्हा मागणारा हा पहिलाच. मग काय, चाराची मूठ झाली. काळी लाजाळू, ती पुढे यायचीच नाही, म्हणून तिचीही मूठ पांढऱ्यालाच जायची.

हळूहळू पांढऱ्याने गवताला तोंड लावणं सोडलं. खाईन तर तुपाशी, असा त्याचा थाट. मुलाला वाटलं, दोष गवतात आहे. त्याने गवत बदललं, मग पुन्हा बदललं. इथल्या दमट हवेत एक पोतं कुबट निघालं, तेव्हा दोष सापडल्याचा त्याला केवढा आनंद झाला. बाल्कनीत गवताची इतकी पोती झाली की माझी साडी वाळत घालायला जागा उरेना. तरी पांढऱ्या फुगतच चालला. मग निष्कर्ष निघाला की तो काळीचा वाटा खातो. काळीची रवानगी वेगळ्या पिंजऱ्यात झाली, वॉशिंग मशीनच्या शेजारी. बिचारी दिवसभर कोपऱ्यात तोंड घालून बसायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि खरी चोर समोर मटार सोलत बसली होती.

एका रविवारी सकाळी पांढऱ्या जागचा हलेना. हनुवटी लाळेने ओली, अंग आखडलेलं, पिंजऱ्यात एक लेंडी नाही. मी सगळ्यांदेखत एक गोळी त्याच्या तोंडाशी धरली. त्याने मान फिरवली.

प्राण्यांच्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी तोंडात उजेड पाडून पाहिलं. त्यांचं बोलणं सुनेने मला मराठीत सांगितलं. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. याच्या दाढांना काटे आलेत, ते जिभेला टोचतात, म्हणून हा खात नाही. सशाचं पोट दिवसभर रिकामं राहिलं तर तो जगेल याचा भरवसा नाही. भूल देऊन दाढा घासू, पण जागा झाल्यावर त्याने खाल्लं तरच खरं. मग बाईंनी विचारलं, गोळ्या किती देता? सुनेने फोनवर तक्ता दाखवला. बाईंनी तक्ता पाहिला, पांढऱ्याचं पोट पाहिलं आणि का कोण जाणे, माझ्याकडे पाहिलं. "पेलेट पोदुम," म्हणाल्या. ते मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही.

त्याला तिथेच ठेवून आम्ही घरी आलो. मुलाने फ्रिजवरचा फळा पुसला. कारखान्यात काही बिघडलं की हे लोक पाच वेळा 'का' विचारतात, पाचव्याला म्हणे मूळ दोष हाती लागतो. त्याने लिहिलं, का खात नाही? दाढा वाढल्या. का वाढल्या? गवत चावलं नाही. का नाही चावलं? पोट गोळ्यांनी भरलेलं. का भरलेलं? इथे त्याचा हात थांबला.

"काळीचा वाटा धरला तरी एवढं होत नाही," तो म्हणाला. "आई, तुझ्या काही लक्षात आलंय?"

"मीच घालत होते," मी म्हटलं. "रोज दुपारी, मूठ मूठ. आता तुझं पाचवं विचार."

ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते.

"का?" त्याने हळूच विचारलं.

"कारण तो खात होता."

एवढंच म्हणायचं ठरवलं होतं, पण तोंड थांबलं नाही. म्हटलं, तुम्ही दोघं पाखरासारखं टिपता आणि उठता. चाळीस वर्षं मी माणसांना आग्रह करकरून वाढलं. तुझे वडील तिसऱ्या भाकरीला नको नको म्हणायचे आणि खायचे. इथे मी वाढू कुणाला? आणि ज्याला वाढलं त्याच्या जिवावर उठले. बोलता बोलता मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

मुलाने पाचवी ओळ लिहिली नाही. मार्करला टोपण लावून तो माझ्याशेजारी येऊन बसला. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार काय.

संध्याकाळी डॉक्टर बाईंचा फोन आला. पांढऱ्याने गवताची एक काडी खाल्ली होती. मी देवापुढे साखर ठेवली, न मोजता.

आता फळ्यावर सुनेच्या अक्षरात लिहिलंय, गोळ्या दोन चमचे, गवत आई ठरवतील. गवताला मर्यादा नाही असं बाईंनीच सांगितलंय. म्हणजे या घरात आग्रह चालेल असा एकच पदार्थ उरलाय आणि तोही वाळका. मी रोज दुपारी एकेक काडी पुढे करते, कोंजम, कोंजम म्हणते, आणि पांढऱ्या खातो. काळी परत त्याच्या शेजारी आली आहे, पण माझ्या हातचं अजून घेत नाही. तिचं बरोबर आहे.

परवा जेवताना मुलाने ताट पुढे केलं आणि अर्धी वाढ म्हणाला. अर्धी मागितली की आमच्यात एक वाढतात, मी एक वाढली. त्याने बायकोकडे पाहिलं आणि खाल्ली. मी आणखी एक घेऊन वळले तर दोघांचेही हात ताटांवर आडवे.

"पोदुम," दोघं एकदमच म्हणाली.

मी भाकरी परत टोपलीत ठेवली. सकाळी ती मीच खाल्ली, दुधात कुस्करून.