भोंग्यानंतरचा अर्धा सिनेमा

आमच्या भावोजींनी आयुष्यात कधी रांग मोडली नाही. लोक हे कौतुकानं सांगतात. मला मात्र ते ऐकलं की तिडीक येते, कारण त्या रांगेत सगळ्यात मागे माझी ताई उभी होती.

भावोजी एका हॉस्पिटलात नावनोंदणीच्या खिडकीत बसायचे. काचेला हात जाईल एवढं भोक, त्यातून नंबराचा बिल्ला बाहेर सरकवायचा आणि पुढचा नंबर पुकारायचा, ही त्यांची नोकरी. मित्र त्यांना ‘बिल्ला’च म्हणत. एकदा त्यांची स्वतःची आई तापानं फणफणत आली, तर तिच्याही हातात बिल्ला देऊन त्यांनी तिला बाकावर बसवलं. ही गोष्ट ते हसत हसत सांगायचे आणि ऐकणारेही हसायचे. आई त्या बाकावर कशी बसली होती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. खिडकीतून बाक दिसत नसे.

निवृत्त झाले आणि माणूस घरात मावेना. डब्यांची झाकणं तपासायचे, ताईच्या भाजी चिरण्यात चुका काढायचे. मग मित्रांनीच तोड काढली. जगातलं मोठं बक्षीस मिळालेले जुने सिनेमे पाहायचे, दर रविवारी दुपारी एक, अगदी पहिल्या वर्षापासून ओळीनं. पुढच्या खोलीतलं कॅलेंडर काढून, प्रोजेक्टरचा पडदा म्हणून भिंतीला पांढरा रंग दिला. रंग माझ्याच दुकानातला, आणि लावलाही मीच. प्रेक्षक चौघे: भावोजी, मी, चौकातला चष्मेवाला आणि छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेला एक मुद्रितशोधक. त्याला आम्ही ‘काना-मात्रा’ म्हणायचो.

नियम अर्थातच भावोजींचे. वर्ष गाळायचं नाही. पुढचं वर्ष आधी बघायचं नाही, इथेही नाही आणि स्वतःच्या घरी चोरूनही नाही. सिनेमा मध्ये थांबवायचा नाही. आणि एकदा बसलं की संपेपर्यंत उठायचं नाही. हा शेवटचा नियम ते सांगत होते तेव्हा ताई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघून नुसती हसली. त्या हसण्याचा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक होता.

लग्नानंतर ही दोघं पहिल्यांदा सिनेमाला गेली, तो याच ओळीतला होता. ताई त्याला ‘बोटीचा सिनेमा’ म्हणायची. एक बाई बोटीनं दूर निघालेली असते, धक्क्यावर तिचा माणूस आलेला नसतो, बोटीचा भोंगा वाजतो आणि मध्यंतर होतं. त्या मध्यंतरात भावोजींनी घड्याळ बघितलं. संध्याकाळची खिडकी उघडायची वेळ झाली होती. ‘उरलेला पुढच्या वेळी,’ असं म्हणून ते उठले आणि ताईही उठली. पुढच्या वेळेपर्यंत थिएटरात दुसरा सिनेमा लागला होता. त्यानंतर संसार, सासूचं आजारपण, मुलीचं शिक्षण. तो माणूस धक्क्यावर आला की नाही, हे ताईला कधीच कळलं नाही.

म्हणून ही रविवारची टूम निघाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला होता. खुर्ची तिला नव्हतीच. स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर बसून, एक कान गॅसवर ठेवून ती बघायची. काळे-पांढरे, मुके, बोलके, सगळे तिनं तसेच पाहिले. ‘आलाच आता माझा,’ म्हणायची. तिच्या सिनेमाचं वर्ष मागून येत होतं आणि ती शांतपणे वाट बघत होती.

त्याच सुमारास तिनं पेल्याच्या बाहेर चहा ओतला. मग एकदा दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं. चष्मेवाल्यानं तिला दुकानात बोलावून तपासलं आणि स्वतः घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेला. काचबिंदू निघाला, तोही बराच पुढे गेलेला. गेलेली नजर परत येणार नव्हती. राहिलेली किती टिकेल, ते सांगता येत नव्हतं.

भावोजींना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. डोळ्यांत थेंब घालायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि ते कधी चुकवलं नाही. उजवा डोळा आधी, मग डावा, मधे थोडं थांबायचं. कुणी आलं-गेलं तरी ती वेळ टळायची नाही. माणूस असा विचित्र, की त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही.

एका रविवारी ताईनं ट्रे ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘अहो, माझा तो बोटीचा सिनेमा आधी लावला तर नाही का चालणार?’

‘येतोय की तो. थोडीच वर्षं राहिलीत,’ भावोजी म्हणाले. ‘एकानं रांग मोडली की सगळे मोडतात.’

‘सगळे म्हणजे कोण? मीच तर आहे.’

काना-मात्रा हसला. भावोजींनाही हसू आलं. ‘तुझा नंबर धरून ठेवलाय मी,’ असं म्हणून त्यांनी दिवा बंद केला.

त्या दिवशी निघताना मी ताईला म्हणालो, ‘तू माझ्याकडे ये. आजच बघू. यांना कळवायचंही नाही.’

‘नको रे,’ ती म्हणाली. ‘अर्धा त्यांच्या शेजारी बसून पाहिलाय. उरलेलाही तसाच बघायचाय. नाहीतर टीव्हीवर दोनदा येऊन गेला, तेव्हाच नसता का पाहिला?’

नवऱ्याची वाट बघणारी बाई आणि नवरा समोरच खुर्चीत बसलेला, असं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

असं करत करत बोटीच्या सिनेमाची पाळी अगदी तोंडावर आली. आणि नेमकं तेव्हाच काना-मात्राला चूक सापडली. जन्माची खोड, ती जाते कुठे. तो म्हणाला, ‘बिल्ला, आपला घोळ झालाय. सुरुवातीच्या सिनेमांना आपण बक्षीस मिळाल्याचं वर्ष धरलं आणि पुढे सिनेमा निघाल्याचं. मधले काही मागेपुढे झालेत, आणि एक तर राहूनच गेलाय.’

‘राहू दे की,’ मी म्हणालो. ‘तो एक बघून टाकू आणि पुढे जाऊ.’

भावोजींचा चेहरा उतरला होता. खिडकीत बसून त्यांच्या हातून कधी असली चूक झाली नव्हती. मग म्हणाले, ‘नाही. चुकीच्या जागी बसलेल्यांना उठवावंच लागतं. पहिल्यापासून घेऊ.’

पहिले पाढे पंचावन्न! चष्मेवाल्यानं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. मी मागोमाग गेलो. ‘वहिनींकडे तेवढा वेळ नाही,’ तो स्वच्छ शब्दांत म्हणाला. ‘कळतंय का तुला? नजरेचं दिवाळं निघत आलंय त्यांच्या.’

‘थेंब चालू आहेत ना?’ भावोजी म्हणाले. ‘एक दिवस चुकवलेला नाही मी.’

चष्मेवाल्यानं हात टेकले. मी तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, खिडकीसमोर ओरडणाऱ्या माणसाचं ऐकायचे तसंच. आणि पुढच्या रविवारी पहिल्या वर्षाचा सिनेमा लावला.

मुके सिनेमे पुन्हा आले. ताई स्टुलावर बसायची, पण आता तिला भिंतीवर नुसता उजेड हलताना दिसायचा. मग उजेडही कमी झाला. बोलके सिनेमे पुन्हा सुरू झाले तोवर ती भिंतीला हात लावून चालत होती, आणि चहा भावोजी करायला लागले होते.

शेवटी बोटीच्या सिनेमाचा रविवार उजाडला. भावोजींनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. स्वतःच्या खुर्चीशेजारी, अगदी मधोमध, त्यांनी ताईसाठी गादीची खुर्ची मांडली. वरातीमागून घोडं. ताईला हाताला धरून बसवलं आणि म्हणाले, ‘बघ, आला की नाही तुझा नंबर?’ ते मनापासून खूश होते. ताईनं मान हलवली.

सिनेमा सुरू झाला. ती मान ताठ ठेवून ऐकत होती. भावोजी मधूनमधून तिच्या कानाशी वाकून सांगत होते, आता ती जिना उतरली, आता पेटी उचलली. मग धक्क्यावरची गर्दी आली आणि बोटीचा भोंगा वाजला.

ताई उठली.

‘अगं, बस. आता तर पुढचं आहे,’ भावोजी म्हणाले.

‘इथेच उठलो होतो आपण,’ ती म्हणाली. ‘बघा तुम्ही.’

भिंतीवरून हात फिरवत ती आत गेली. भावोजी अर्धवट उठले, भिंतीकडे बघितलं, आणि पुन्हा बसले. सिनेमा चालू होता.

मी ताईच्या मागे गेलो. तिनं मोरीतला नळ पूर्ण सोडला होता आणि धुतलेल्याच कपबश्या ती पुन्हा धूत होती. ‘आवाज येतो रे बाहेरचा,’ ती म्हणाली. मी तिच्याजवळ उभा राहिलो. सिनेमा संपेपर्यंत तिनं नळ बंद केला नाही.

मग भावोजी दारात आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. ‘फार चांगला शेवट आहे गं,’ ते म्हणाले. ‘सांगू?’

‘सांगू नका,’ ताई म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. ‘मला तो तुमच्यासोबत बघायचा होता. ऐकायचा नव्हता.’

भावोजींनी घड्याळ बघितलं आणि फळीवरची थेंबांची बाटली काढली. ताईनं मान वर केली. उजवा डोळा आधी, मग डावा.

मी त्यानंतर रविवारी गेलो नाही. चष्मेवालाही जात नाही. काना-मात्रा अजून जातो, त्याच्याकडूनच कळतं. गादीची खुर्ची परत भिंतीला लागली आहे, आणि भावोजी पुढची वर्षं ओळीनं बघतायत.