मुंगीची दुसरी मुलाखत

हुश्श. लागली एकदाची. आमच्या मुंगीला नोकरी लागली आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आता पार्लरमध्ये कुणी ‘काय झालं हो बहिणीचं?’ असं विचारलं, तर मला कंगवा शोधल्याचं नाटक करावं लागत नाही. उलट कुणी नाही विचारलं तरी मीच सांगते.

मुंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. चणीनं लहान आणि सतत आपल्यापेक्षा मोठं काहीतरी ओढत निघालेली, म्हणून मुंगी. आई गेली तेव्हा तिला बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. वडील ट्रक चालवायचे, घरी पाहुण्यासारखे यायचे आणि पाहुण्यासारखेच जायचे. मी तिच्यापेक्षा बरीच मोठी, त्यामुळे तिचं सगळं माझ्याकडे आलं. मी केस कापायला शिकले, पार्लर टाकलं आणि त्यावर आम्ही दोघी उभ्या राहिलो. मी तापट आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्रास नको. पण तिच्यावर मी कधी हात उगारला नाही. मी नुसती बघायचे. तेवढ्यानं काम व्हायचं.

कॉलेज संपल्यावर ती एका मोठ्या हॉस्पिटलात लागली. रुग्णांना डॉक्टरांच्या वेळा द्यायच्या त्या विभागात. तिथे एकदा बाहेरची तीन-चार माणसं आली. रांगा का लागतात, ऑपरेशनच्या खोल्या रिकाम्या का राहतात, हे शोधायला हॉस्पिटलनं त्यांना बोलावलं होतं. मॅनेजमेंट कन्सल्टंट म्हणतात त्यांना. मुंगी त्यांना हवी ती माहिती काढून द्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन डोळे मोठे करून मला सांगायची. ते म्हणे कुठल्याही धंद्यात जातात आणि घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते शोधून मालकाला सल्ला देतात. मी म्हटलं, सल्ले तर मी केस कापता कापता रोज देते, मला कुणी कोट घालून बोलावत नाही ते.

त्या माणसांची प्रमुख एक बाई होती, करड्या केसांची, मोजकं बोलणारी. जाताना तिनं मुंगीला सांगितलं, की आमच्याकडे अर्ज कर, तुझं डोकं या कामाचं आहे. झालं. मुंगीनं ते मनावर घेतलं. नोकरी सांभाळून मॅनेजमेंटची पदवी घेतली, सुट्टीच्या दिवशी सुद्धा पुस्तकात डोकं. मग अर्ज. त्या अर्जाचीही तऱ्हा. सगळं आयुष्य एका पानात बसवायचं, आणि मी हे केलं, ते केलं एवढं लिहून भागत नाही, त्यानं काय फरक पडला ते लिहायचं. तिनं आधी चार पानं लिहिली होती. त्यातली तीन काढताना तिचा जीव जात होता. मी म्हटलं, दे इकडे, कापाकापी माझा धंदा आहे.

अर्ज पास झाला, परीक्षाही पास झाली. राहिली मुलाखत. या लोकांची मुलाखत म्हणजे तुमचं नाव काय, छंद काय, असली नसते. ते एका धंद्याची गोष्ट सांगतात. समजा, एका बेकरीचा खप वाढतोय पण नफा घटतोय, तर का? आणि काय करावं? आपण त्यांच्यासमोर बसून मोठ्यानं विचार करायचा. आधी प्रश्न विचारायचे, मग गुंत्याचे धागे वेगळे करायचे, तोंडी हिशोब मांडायचा आणि शेवटी ठामपणे सांगायचं, की हे करा. याला ते केस म्हणतात. मी कापते ते वेगळे.

याची तयारी एकट्यानं होत नाही, समोर विचारणारा लागतो. दुसरं कोण असणार? पार्लर बंद झालं की मुंगी खुर्चीत बसायची, मी मागे उभी राहून कागदावरचं वाचून दाखवायचे आणि ती उत्तर द्यायची. महिनाभरात तिची जीभ अशी सुटली, की विचारू नका. घरातसुद्धा ‘याची दोन कारणं असू शकतात’ असं बोलायला लागली. नळ गळत होता, त्याचीही दोन कारणं. मला वाटलं, आता हिला कोण अडवतोय.

आणि ती नापास झाली.

मुलाखतीला करड्या केसांच्या बाई नव्हत्या, पण कळवण्यासाठी फोन त्यांनीच केला. कुणाला नाकारलं की हे लोक साधी मेल पाठवतात आणि घेतलं तरच फोन करतात, अशी तिथली रीत. या बाईंनी मात्र रीत सोडून मुद्दाम फोन केला, कारण त्यांना वाईट वाटलं होतं. म्हणाल्या, उत्तरं बरोबर होती, पण टिकली नाहीत. समोरच्यानं जरा भुवई उचलली की ही उत्तर बदलायची. प्रत्येक वाक्यानंतर ही त्याच्या तोंडाकडे बघत होती. उद्या एखाद्या कंपनीचा मालक डोळे वटारेल, तेव्हा ही काय करेल? वर्षभरानं पुन्हा अर्ज करता येईल, पण मग तिसरी संधी नाही.

माझं डोकंच फिरलं. तोंडाकडे बघायचं नाही तर काय बुटांकडे बघायचं? त्या कंपनीला मी इतकी नावं ठेवली, की खुर्चीतल्या गिऱ्हाईक बाई घाबरून म्हणाल्या, अहो, कात्री खाली ठेवा आधी.

वर्ष सरत आलं, दुसरी मुलाखत ठरली. तेवढ्यात हॉस्पिटलनं मुंगीला विभागप्रमुखाची जागा देऊ केली, पण अट अशी की पाच वर्षं सोडून जायचं नाही आणि सोमवारच्या आत काय ते सांगायचं. मुलाखत आदल्या गुरुवारी होती. म्हणजे एकतर कन्सल्टंटची नोकरी मिळवायची, नाहीतर पाच वर्षं त्याच खिडकीमागे. जागा वाईट नव्हती. पण पोरीला ती नको होती, हे मला तिच्या चालण्यावरून कळत होतं.

मुलाखतीसाठी कोट घ्यायला आम्ही दुकानात गेलो. एक काळा, एक निळा. तिनं काळा घातला आणि वळली. तिच्यासमोर पुरुषभर उंचीचा आरसा होता. तिनं आरशात पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग निळा घातला, पुन्हा माझ्याकडे. मी म्हटलं, तुला कुठला आवडला? तर म्हणाली, ‘तुला निळा नाही आवडला ना?’ मी काही बोललेही नव्हते. माझ्या कपाळावर कुठेतरी एक आठी पडली असेल, तीही बूट चावत होता म्हणून.

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या बाई म्हणत होत्या ते हेच. ही पोर आयुष्यभर माझं तोंड वाचत आलीये. अभ्यास पुरे की नाही, मैत्रीण बरी की नाही, फ्रॉक आखूड की कसा, सगळं माझ्या कपाळावर लिहिलेलं. आणि आमच्या पार्लरमधली तयारी? ती खुर्चीत, मी मागे, आणि समोर भिंतभर आरसा. उत्तर चुकलं की माझा चेहरा बदलायचा, तो तिला आरशात दिसायचा आणि ती गाडी वळवायची. गणित सुटत होतं ते माझ्या तोंडावरून. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेत बसायला वेळ कुठे होता?

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची फिरवली आणि तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. आधी तिला बोलताच येईना. दोन वाक्यं झाली की मान मागे वळायची आणि मी तिचं डोकं धरून पुन्हा सरळ करायचे, केस कापताना करते तसं. हळूहळू मान वळायची थांबली.

मग मी पुढची पायरी काढली. खुर्ची माझ्याकडे वळवली आणि तिचं उत्तर बरोबर असलं तरी तोंड वाकडं करायचं ठरवलं. मला त्यासाठी वेगळी मेहनत लागत नाही. जोडीला केस रंगवायला येणाऱ्या बँकवाल्या काकू होत्या. सगळं आयुष्य कर्ज नाकारण्यात गेलेली बाई, तिच्याइतकं कोरं तोंड कुणाला जमणार? डोक्याला रंग थापलेला, गळ्याला टॉवेल, आणि काकू थंडपणे म्हणायच्या, ‘मला नाही पटत.’ की मुंगी गारद. पहिले काही दिवस तिनं बरोबर उत्तरं अशी भराभर मागे घेतली, की मी कपाळाला हात लावला.

मग एका रविवारी, सिनेमा थिएटरच्या कुठल्याशा केसमध्ये, मी नेहमीसारखी मान हलवली. मुंगी थांबली. तिचे कान लाल झाले. ‘ताई,’ ती म्हणाली, ‘नुसती मान हलवू नकोस. काय चुकलं ते सांग.’

आता आली का पंचाईत. चुकलं काहीच नव्हतं, तर मी सांगणार काय? मी काकूंकडे पाहिलं, काकू छताकडे बघत होत्या. माझ्याशी चढ्या आवाजात बोलायची तिची ती पहिली वेळ. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मात्र मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले आणि एकटीच हसले.

गुरुवारी ती गेली. निळा कोट घालून. मुलाखतीत काय झालं ते तिनं आल्यावर सांगितलं. समोर पार्टनर होता, म्हणजे त्यांच्यातला अगदी वरचा माणूस. केस एका लाँड्रीची होती. ती हॉटेलांच्या चादरी धुऊन द्यायची, काम वेळेत होत नव्हतं, मालकाला नवी मशिनं घ्यायची होती. मुंगीनं आकडे मागितले, मांडणी केली आणि म्हणाली, मशिनं घेऊ नका. सगळी हॉटेलं एकाच वेळी कपडे पाठवतात, म्हणून सकाळी मशिनं रिकामी आणि दुपारी गर्दी. गाड्यांच्या वेळा बदला.

त्या माणसानं पेन टेबलावर टाकलं, कपाळाला या आठ्या घातल्या आणि म्हणाला, हे काही पटत नाही. मालकाचं मशिनं घ्यायचं ठरलेलं आहे.

मुंगी म्हणाली, उत्तर बदलायला तोंड उघडलंसुद्धा होतं. पण मग तिनं त्याला विचारलं, ‘तुम्हाला पटत नाही हे दिसतंय. पण यातला कुठला भाग पटत नाही?’

त्यानं पेन परत उचललं. मग त्यानं एक गोष्ट काढली. सुट्ट्यांच्या दिवसांत हॉटेलं भरलेली असतात, तेव्हा काय? हे मात्र तिच्याकडून खरंच सुटलं होतं. ते तिनं सरळ कबूल केलं, तेवढ्या दिवसांसाठी मशिनं भाड्यानं घ्या म्हणून सांगितलं आणि बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवलं. त्यानं पुन्हा आठ्या घातल्या. हिनं पुन्हा शांतपणे कारण विचारलं. या वेळी त्याच्याकडे कारण नव्हतं. मग हिनंही उत्तर हलवलं नाही.

‘फार झालं असेल का गं?’ तिनं मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत, मी थोडीच पार्टनर आहे. पण मनातून माझा जीव टांगणीला लागला होता. शुक्रवारी फोन नाही. मेलही नाही. मुंगी दर थोड्या वेळानं मेल उघडून बघायची आणि नाही म्हणून मान हलवायची. मेल नाही ते बरं, असं आम्ही एकमेकींना समजावत होतो.

शनिवारी ती माझ्यासोबत पार्लरमध्येच येऊन बसली. दुपारी मी काकूंच्या डोक्याला रंग लावत होते आणि तिचा फोन वाजला. ती उठून बाहेर फुटपाथवर गेली. दाराच्या काचेतून मला तिची फक्त पाठ दिसत होती. मी ब्रश हातात धरून उभी. मान खाली गेली, म्हणजे नाही म्हणाले का? खांदा हलला, म्हणजे रडतेय का? मध्येच तिनं हात वर करून केस मागे सारले. त्याचा काय अर्थ लावायचा? काकू म्हणाल्या, ‘अगं, रंग कानात चाललाय.’ चालू दे, म्हटलं.

ती आत आली. तोंडावर काहीच नाही. त्या क्षणी मला तिचा राग आला, खरंच सांगते.

‘घेतलं त्यांनी,’ ती म्हणाली.

मी खुर्चीचा हात धरला. काकूंनी रंगाच्या हातमोज्यासकट माझा हात दाबला. मुंगी सांगत होती, की त्या पार्टनरनंच फोन केला होता. तो म्हणाला, बरोबर उत्तर देणारे पुष्कळ येतात, पण माझ्या आठ्यांना कारण विचारणारं क्वचित कुणी येतं. मी अर्धवटच ऐकत होते. मग ती म्हणाली, ‘ताई, त्यांनी दोन जागा सांगितल्या. एक इथली आणि एक दुसऱ्या शहरातली. कारखान्यांचं काम तिकडे जास्त आहे. मी तिकडची घेतली.’

‘घेतलीसुद्धा?’

‘हो. तुला विचारावंसं वाटलं. पण मग मला काय हवंय ते मला माहीतच होतं.’

मला वाटलं होतं, असा दिवस आला की माझं काळीज फाटेल. तसं काही झालं नाही. मी आहे तोवर ठीक, पण मी नसेन तेव्हा ही कुणाच्या तोंडाकडे बघून जगणार, ही काळजी मी वर्षानुवर्षं पोटात घेऊन फिरत होते, हे मला ती काळजी गेल्यावर कळलं. इतकं हलकं वाटलं, की मी तिथेच, भर गिऱ्हाइकासमोर, डोळे पुसले. मुंगी म्हणाली, ताई, तुला वाईट वाटलं का? मी म्हटलं, बघ ना माझ्याकडे आणि सांग. तर ती म्हणाली, ‘नाही. तूच सांग.’

मग मी सांगितलं.