खंडेनवमीला आधी धाकटा

शेठच्या डाळीच्या पेढीवर मी संगणकाचं काम बघायचो. कचेरी जळगावला, गोडाऊन धुळ्याला आणि दोन्हीकडचे संगणक जोडणारी एक भाड्याची लाइन. नव्वदचं दशक सरत आलं होतं. लाइन पडली की धुळ्याला ट्रक दारात खोळंबायचे, म्हणून शेठने दोन राउटर घ्यायला लावले. मोठा भाड्याच्या लाइनीवर, धाकटा साध्या टेलिफोनच्या लाइनीवर. मोठा बंद पडला की धाकट्याने आपणहून काम उचलायचं आणि मोठा उठला की त्याने ते परत घ्यायचं. हे परत घेणं आपोआप होत नाही. मोठ्याला तसं सांगून ठेवावं लागतं. सेटिंगमध्ये एका ओळीचं काम. ही सगळी मांडणी मी केली, पुस्तकं वाचत आणि चुका करत.

दाखवायच्या दिवशी आमच्या साहेबांनी शेठसमोर मोठ्याची पिन काढली. धुळ्याचं काम क्षणभर अडखळलं आणि चालू राहिलं. पिन परत लावली, मोठ्याने काम परत घेतलं. शेठ खूश. कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "मांडणी माझी. हा पिंपळनेरचा; याला पिना खोचता येतात, तेवढंच पुष्कळ."

सगळे हसले. मीही हसलो. माझं ते हसणंच मला जास्त लागलं. त्याच आठवड्यात मी ती ओळ काढून टाकली आणि वाट बघत बसलो.

खंडेनवमीला पेढीवर यंत्रांची पूजा असे. सगळं बंद करायचं, पुसायचं, कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. प्रसाद वाटून झाल्यावर बटणं लावायचं काम अर्थात पिना खोचणाऱ्याकडे. मी आधी धाकटा लावला. त्याला मोठा कुठे दिसेना, म्हणून त्याने कारभार हाती घेतला. मग मोठा लावला. कारभार चालू आहे, तो परत घे असं सांगणारी ओळ नाही. बिचारा माळ घालून गप्प बसला.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि धुळ्याचं सगळं काम टेलिफोनच्या बारीक लाइनीतून सरकू लागलं. एक बिल निघेपर्यंत चहा पिऊन व्हावा. साहेब मोठा राउटर बंद करत, चालू करत, त्याचे हिरवे दिवे बघत आणि कपाळ पुसत. धाकट्याला त्यांनी हातही लावला नाही, कारण तो तर चालत होता. आतून शेठचा आवाज चढत होता आणि मी खुर्चीत बसून फुंकून फुंकून चहा पीत होतो. तसा चहा पुन्हा कधी लागला नाही.

शेवटी साहेब माझ्याजवळ आले, आवाज उतरलेला. धुळ्याकडून कोणी सेटिंगला हात लावला असेल का, असं विचारू लागले. म्हणजे ते उलट्या दिशेला निघाले होते. आणखी लांब जाऊ देत, असं मला वाटलं.

"असू शकतं, साहेब," मी म्हणालो.

धुळ्याला मशीनवर एकच बाई होती. पारोळ्याची, घराबाहेरची पहिलीच नोकरी, मला भाऊ म्हणायची. साहेबांनी शेठला तिचंच नाव सांगितलं. संध्याकाळी तिचा फोन आला. "भाऊ, मी हात बी नही लाया. तुमी शेठले सांगा ना."

सांगतो म्हणालो. पण साहेब अजून पुरते आडवे झाले नव्हते. उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या उजाडेपर्यंत शेठने तिला घरी बसवलं होतं.

मग मी ओळ परत लिहिली. मोठ्याने काम घेतलं, बिलं धावू लागली. शेठने विचारलं तेव्हा दोष मांडणीत होता, असं सांगितलं. आणि मांडणी कोणाची, ते साहेबांनीच सगळ्यांसमोर सांगून ठेवलेलं. त्यांना नशिराबादच्या गोदामावर पोती मोजायला धाडलं, त्यांची खुर्ची मला मिळाली. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. ते पुन्हा तसं बोलले, तर मी ओळ पुन्हा काढीन.

तिला परत बोलवा, एवढं मात्र मी शेठला म्हणालो नाही. म्हणालो असतो, तर तिने हात लावला नाही, मग दाखवायच्या दिवशी नीट चाललेली मांडणी बिघडली कशी, ते सांगावं लागलं असतं.

काही वर्षांनी पारोळ्याच्या स्टँडवर ती दिसली. शिवणकाम करते म्हणाली. तक्रारीचा शब्द नाही. सोबतच्या मुलीला म्हणाली, "मामा शेतस, पाया पड."

पोर वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि धुळ्याची गाडी लागली का, ते बघू लागलो.